ताळेबंदातील विमाने आणि कडैमडैचे पाणी

एखाद्या सरकारी कंपनीला एका वर्षात जे जे मान मिळू शकतात, ते जवळजवळ सगळे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडला, म्हणजेच 'एचएएल'ला, २०२४-२५ या आर्थिक वर्षात मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला 'महारत्न' दर्जा देण्यात आला. हा दर्जा मिळवणारी ती देशातील चौदावी कंपनी ठरली. कामकाजातून मिळालेला महसूल ३० हजार ३८१ कोटी रुपयांवरून ३० हजार ९८१ कोटींवर गेला. निव्वळ नफा ७ हजार ६२१ कोटींवरून ८ हजार ३६४ कोटींवर पोहोचला. हाती असलेल्या मागण्यांचे मूल्य वर्षभरापूर्वी साधारण ९४ हजार कोटी होते, ते ३१ मार्च २०२५ रोजी सुमारे १ लाख ८४ हजार कोटी झाले. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे एकूण ४० रुपये लाभांश मिळाला. त्याच आर्थिक वर्षात हवाई दलाला तेजस मार्क-१ए जातीचे एकही विमान मिळाले नाही. त्याचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला होता आणि पहिले विमान २०२४ च्या आरंभी मिळणे अपेक्षित होते.

ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि ती एकाच कंपनीविषयी, एकाच वर्षाविषयी आहेत. भारताच्या संरक्षण उत्पादनाचा खरा प्रश्न या दोन विधानांच्या मधल्या अंतरात दडलेला आहे. तो समजून घेण्यासाठी शेअर बाजाराचे आकडे पुरेसे नाहीत. कंपनीचा माल अखेर जिथे जाऊन उभा राहतो, तेथून तिच्या हिशेबाकडे पाहावे लागते. अशी एक जागा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतीने वेढलेल्या तंजावर जिल्ह्यात आहे.

ओझर ते तंजावर

तंजावरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. हवाई दलाचा सध्याचा तळ मे २०१३ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते कार्यान्वित झाला. पुढे २० जानेवारी २०२० रोजी पहिले संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या उपस्थितीत येथे २२२ क्रमांकाच्या 'टायगरशार्क्स' स्क्वाड्रनची स्थापना झाली. दक्षिण भारतातील सुखोई-३० एमकेआय विमानांची ही पहिली स्क्वाड्रन. अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेणारी विमाने येथे ठेवण्यामागचा हेतू उघड आहे. बंगालचा उपसागर, पाल्कची सामुद्रधुनी आणि त्यापलीकडचा हिंदी महासागर या तळाच्या टप्प्यात येतो.

मराठी वाचकाला या स्क्वाड्रनशी असलेले आपले नाते सहज ओळखता येईल. सुखोई विमानांची भारतातील जुळणी नाशिकजवळच्या ओझर येथील एचएएलच्या कारखान्यात झाली. हवाई दलाने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ विमाने ओझरहून बाहेर पडली. स्क्वाड्रनच्या क्रमांकाशी हा आकडा जुळतो, तो निव्वळ योगायोग. ब्रह्मोस पोटाखाली घेता यावे म्हणून विमानाच्या सांगाड्यात करावे लागलेले बदलही ओझरलाच झाले आणि क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण जून २०१६ मध्ये तिथल्याच आकाशात झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर त्याची प्रत्यक्ष चाचणी यशस्वी झाली.

कंपनीचा उगमही आपल्याला परका नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. युद्धाच्या धामधुमीत सरकारने ती ताब्यात घेतली. मिग-२१ च्या उत्पादनासाठी काढलेली दुसरी सरकारी कंपनी १९६४ मध्ये तिच्यात विलीन झाली आणि आजची एचएएल आकाराला आली. ओझरचा कारखाना त्याच पर्वातला. तिथे बांधलेली मिग-२१ विमाने आकाशात आपले आयुष्य घालवून गेली. त्या जातीच्या शेवटच्या विमानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला निरोप घेतला. त्या निरोपानंतर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

म्हणजे १३ स्क्वाड्रनची तूट एका बाजूला आणि १ लाख ८४ हजार कोटींच्या मागण्या दुसऱ्या बाजूला. हे दोन आकडे परस्परविरोधी वाटले तरी ते एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मागण्यांची यादी लांबते याचा एक अर्थ असा की, कंपनीवर विश्वास आहे. दुसरा अर्थ असा की, द्यायचे अजून बाकी आहे. सध्याच्या वार्षिक महसुलाच्या गतीने ही यादी पूर्ण करायला सुमारे सहा वर्षे लागतील. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचा ६२ हजार ३७० कोटींचा करार तिच्यात जमा झाला.

धरण भरले, शेवटच्या मोरीपर्यंत काय पोहोचले?

हा फरक कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मेट्टूर धरणाची क्षमता ९३.४७ अब्ज घनफूट आणि पूर्ण पातळी १२० फूट. धरणात किती पाणी आहे, याचा आकडा तमिळ वृत्तपत्रे रोज छापतात. तरी पट्टुकोट्टै किंवा पेरावुरणीच्या शेतकऱ्याची नजर त्या आकड्यावर थांबत नाही. ती आपल्या गावच्या मोरीवर असते. कालव्याच्या अगदी टोकाच्या या भागाला तमिळमध्ये 'कडैमडै' म्हणतात, म्हणजे शेवटची मोरी. आपल्याकडे ज्यांना 'टेलचे शेतकरी' म्हणतात, तेच हे लोक. धरण भरले ही त्यांच्यासाठी बातमी असते. पाणी मोरीत आले ही वस्तुस्थिती.

त्यांच्या दृष्टीने तारखेचे महत्त्वही तेवढेच. मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे. त्या तारखेवर कुरुवै या अल्पमुदतीच्या भाताचे गणित बसलेले असते. ते पीक निघाले की सांबा किंवा ताळडीची लावणी होते. २०२४ मध्ये धरणात पुरेसा साठा नव्हता आणि पाणी २८ जुलैला सुटले. उशीर ४६ दिवसांचा. पुढे पाऊस झाला, धरणही भरले. पण ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर नव्हती, त्यांचा कुरुवैचा हंगाम परत येणार नव्हता. वर्षाच्या अखेरीस धरणाच्या नोंदवहीत एकूण आवक चांगली दिसू शकते आणि शेतकऱ्याच्या वहीत एक पीक कमी असू शकते.

एचएएलचे ऑर्डरबुक हे मेट्टूरच्या साठ्यासारखे आहे. तो भरलेला असणे आवश्यकच. त्याखेरीज पुढचे काही शक्य नाही. पण तंजावर, अंबाला किंवा हलवारा येथील तळ हे त्या व्यवस्थेतले कडैमडै आहेत. जुनी विमाने निवृत्त होण्याच्या तारखा ठरलेल्या असतात. नवी विमाने उशिरा आली, तर मधला हंगाम रिकामा जातो. दोन वर्षे उशिरा आलेले विमान हे वेळेवर आलेल्या विमानाइतकेच नवे असते, पण मधल्या दोन वर्षांचे संरक्षण ते मागे जाऊन देऊ शकत नाही.

उशिराची जबाबदारी मात्र न्यायाने वाटली पाहिजे. तेजस मार्क-१ए साठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवली गेली. त्यातले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. इंजिनाविना विमान सुपूर्द करता येत नाही, हे कंपनीचे म्हणणे योग्यच आहे. १५६ प्रचंड हेलिकॉप्टरांचा ६२ हजार ७०० कोटींचा करार आर्थिक वर्ष संपता संपता, मार्च २०२५ च्या अखेरीस झाला. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ऑर्डरबुक एकाएकी दुप्पट का दिसले, याचे एक कारण हे. आणि मंत्रालयातील निर्णयाचा विलंब अखेर कंपनीच्या खात्यावर कसा मांडला जातो, याचे हे उदाहरणही. प्रशासनात काम केलेल्या कोणालाही फायलींचा हा प्रवास अपरिचित नाही.

तथापि, हवाई दलाचा संयम संपत आला आहे, हेही लपून राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मधील बंगळुरूच्या विमान प्रदर्शनात हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी कंपनीविषयीची नाराजी उघड केली. मे महिन्यात उद्योजकांसमोर बोलताना, वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प आठवत नसल्याचा आशय त्यांनी मांडला. खरेदीदारानेच जाहीरपणे असे बोलावे आणि विक्रेत्याच्या नफ्यात त्याच वर्षी सुमारे १० टक्के वाढ व्हावी, असे खुल्या बाजारात सहसा घडत नाही.

नफ्याचा अर्थ

ते येथे का घडते, हे पाहण्यासाठी नफ्याच्या आकड्याकडे थोडे जवळून पाहू. २०२४-२५ मध्ये कामकाजाच्या दर १०० रुपयांच्या महसुलामागे एचएएलचा निव्वळ नफा सुमारे २७ रुपये होता. जगातील सर्वांत मोठी संरक्षण कंपनी असलेल्या अमेरिकेच्या लॉकहीड मार्टिनने २०२४ मध्ये सुमारे ७१ अब्ज डॉलरच्या विक्रीवर ५.३ अब्ज डॉलर नफा मिळवला. म्हणजे शंभरामागे साडेसात. भारतीय कंपनी अमेरिकी कंपनीच्या साडेतीन पट कार्यक्षम आहे, असा निष्कर्ष यातून कोणी काढणार नाही.

या फरकाची कारणे व्यवहाराच्या रचनेत आहेत. एचएएलचा प्रमुख ग्राहक एकच, तो म्हणजे भारत सरकार. कंपनीचे ७१.६४ टक्के भागभांडवलही भारत सरकारचेच. बहुतेक मोठे करार स्पर्धेविना, नामनिर्देशनाने दिले जातात. करार होताच ग्राहक आगाऊ रक्कम देतो. काम सुरू होऊन खर्च होईपर्यंत ती ठेवींत राहते आणि तिच्यावर व्याज मिळते. २०२४-२५ मधील कंपनीचे 'इतर उत्पन्न' दोन हजार कोटींहून अधिक होते. माल पोहोचायला उशीर झाला तरी ठेवीवरचे व्याज थांबत नाही. शिवाय महसुलाचा मोठा हिस्सा नव्या विमानांपेक्षा जुन्या विमानांची दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि सुटे भाग यांतून येतो. तंजावरसारख्या तळावरील सुखोई ठरावीक उड्डाणतासांनंतर ओव्हरहॉलसाठी पाठवावे लागते आणि तो खर्च कंपनीच्या महसुलात जमा होतो. हे काम आवश्यकच आहे. पण ग्राहकाकडे नवी विमाने कमी आणि जुनी अधिक असतील, तर दुरुस्तीचा व्यवसाय तेजीत राहतो, हेही नजरेआड करता येत नाही.

यात गैर काही आहे, असे नव्हे. हा नफा लाभांश आणि कर या रूपाने बराचसा सरकारी तिजोरीत परत येतो. ओझर, बंगळुरू, कोरापुट येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य त्यातून जपले गेले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईच्या २४० इंजिनांचा २६ हजार कोटींहून अधिक किमतीचा करार कोरापुट कारखान्याशी झाला, तर डिसेंबरमध्ये आणखी १२ सुखोईंचा १३ हजार ५०० कोटींचा करार ओझरशी. ओझरची जुळणी रेषा पुन्हा जिवंत झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच वर्षाला आठ विमानांची क्षमता असलेली तेजसची तिसरी उत्पादन रेषाही सुरू झाली. ही खरी कमाई आहे. मुद्दा इतकाच की, जिथे मालक, ग्राहक आणि किंमत मान्य करणारा एकच आहे, तिथे नफा हा कामगिरीचा पुरावा ठरू शकत नाही. तो सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या पैशाची नोंद असू शकतो.

माप कोणते?

मग कामगिरी मोजायची कशाने? इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे एक उत्तर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या दगडी जोत्यावर मिळते. राजराज चोळाने सन १०१० मध्ये पूर्णत्वास नेलेल्या या मंदिराच्या खर्चासाठी अनेक गावे लावून दिली. त्यांचा हिशेब शिलालेखांत आहे. गावाचे नाव, एकूण क्षेत्र, त्यातून वजा केलेली गावठाण, तळी, पाट आणि स्मशाने यांची जमीन, उरलेले क्षेत्र आणि त्यावर मंदिराला पोहोचवायचे भात, अशी ही नोंद आहे. हे भात कोणत्या मापाने मोजायचे, तेही लिहिले आहे. 'आडवल्लान' नावाचे प्रमाणित माप त्यासाठी ठरवलेले होते. या हिशेबातले तीन गुण आजही लक्षात घेण्याजोगे आहेत. तो सर्वांना दिसेल अशा जागी आहे. माप देणाऱ्याच्या मर्जीवर नाही. आणि जे मोजले जाते, ते प्रत्यक्ष पोहोचलेले धान्य असते.

आठ शतकांनंतर याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. एकोजींपासून १८५५ पर्यंतच्या मराठी राजवटीचे मोडी दफ्तर आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. या राजवटींच्या हेतूंविषयी मतभेद असू शकतात, पण त्यांच्या कारभारात काय पोहोचले आणि काय राहिले, हे आपण आज तपासू शकतो, ते नोंदींमुळे.

आजच्या सार्वजनिक उपक्रमांसाठी दरवर्षी सरकारशी सामंजस्य करार होतो आणि त्यानुसार गुणांकन होते. त्यात महसूल, नफ्याचे प्रमाण, गुंतवणुकीवरील परतावा अशा वित्तीय निकषांना मोठे स्थान आहे. पोलाद किंवा खनिज तेलाच्या कंपनीला हे निकष लागू पडतात, कारण तिथे बाजार आहे. लढाऊ विमाने बनवणाऱ्या कंपनीसाठी ते अपुरे आहेत. माझ्या मते, एचएएलच्या वार्षिक अहवालात नफा-तोटा पत्रकाच्या शेजारी आणखी चार रकाने असावेत.

पहिला रकाना प्रत्येक मोठ्या कराराची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष सुपूर्दगी आणि उशिराचे कारण यांचा. कारण इंजिन पुरवठादाराचे असेल तर तसे, मंत्रालयाचे असेल तर तसे लिहावे. दुसरा, ओव्हरहॉलसाठी आलेले विमान तळावर परतायला सरासरी किती दिवस लागले, याचा. तिसरा, किमतीच्या हिशेबाने खरी स्वदेशी घटकांची टक्केवारी. चौथा, लघुउद्योग पुरवठादारांची देयके ४५ दिवसांच्या वैधानिक मुदतीत किती प्रमाणात दिली गेली, याचा.

सुरक्षेचे कारण पुढे करून यातील काही माहिती नाकारली जाईल, हे गृहीत धरले पाहिजे. कोणत्या तळावर किती विमाने उड्डाणक्षम आहेत, हे सांगावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु संपूर्ण ताफ्याचा एकत्रित आकडा यापूर्वी प्रसिद्ध झालेला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ मधील अहवालात सुखोईंची उपलब्धता ७५ टक्के अपेक्षित असताना ५५ ते ६० टक्केच असल्याचे नमूद होते. त्या प्रसिद्धीने देशाच्या संरक्षणाला धोका झाला नाही. उलट सुट्या भागांच्या पुरवठ्याकडे गांभीर्याने पाहिले गेले. जे दहा वर्षांपूर्वी लेखापरीक्षक सांगू शकत होते, ते आज कंपनीने स्वतःहून सांगण्यास हरकत नसावी.

मे २०२५ मध्ये सरकारने पुढच्या पिढीच्या 'एएमसीए' लढाऊ विमानासाठी खासगी उद्योगांनाही समान संधी देणारी पद्धत मंजूर केली. नामनिर्देशनाची सवय मोडण्याच्या दिशेने हे योग्य पाऊल आहे. तथापि, स्पर्धक आले तरी माप चुकीचेच राहिले, तर फक्त नफा कमावणाऱ्यांची संख्या वाढेल.

खोऱ्याची वाटणी

त्रिभुज प्रदेशातील गावांचा या हिशेबाशी आणखी एक संबंध आहे. तंजावरला स्क्वाड्रन आली त्यानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी २०२० मध्ये, तमिळनाडू विधानसभेने कावेरी त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा देणारा कायदा केला. तेल-वायूचे नवे उत्खनन, धातू वितळवण्याचे कारखाने, कातडी कमावण्याचे उद्योग यांना तेथे मज्जाव झाला. भाताचे कोठार राखण्यासाठी हा निर्णय आवश्यक होता आणि मिथेन प्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षे लढलेल्या शेतकऱ्यांचा तो विजय होता.

पण उद्योग नाकारण्याची किंमत कोणी तरी मोजतोच. कावेरीच्या खोऱ्यात विमान उद्योग वरच्या अंगाला आहे. एचएएलचे मुख्यालय असलेले बंगळुरू कावेरीचे पाणी पिते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात त्या शहरासाठी जादा ४.७५ अब्ज घनफूट मान्य केले, तेव्हा तमिळनाडूचा वाटा कमी होऊन १७७.२५ अब्ज घनफूट झाला. तेजसचे पंख कोईमतूरला तयार होऊ लागले आहेत. संरक्षण उत्पादन पट्ट्यातील तमिळनाडूची केंद्रे चेन्नई, होसूर, सेलम, कोईमतूर आणि तिरुचिरापल्ली ही. तंजावर त्यांत नाही आणि सध्याच्या कायद्याच्या हेतूनुसार जड उद्योगासाठी ते असूही नये. मात्र तिरुचिरापल्ली तंजावरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्रिभुज प्रदेशातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून विमान देखभाल, तपासणी आणि सुट्या भागांच्या अचूक घडणीचे शिक्षण मिळाले, तर जमीन न गमावता येथील तरुणांना या उद्योगात वाटा मिळू शकतो. १ लाख ८४ हजार कोटींच्या मागण्यांचा काही अंश जरी अशा प्रशिक्षणाकडे वळला, तरी पाणी, भात आणि शांतता यांची किंमत मोजणाऱ्या प्रदेशाला तो न्याय ठरेल.

एचएएलचे पुढचे वार्षिक आकडे येतील, तेव्हा महसूल आणि नफा वाढलेलाच असेल, अशी शक्यता आहे. हाती एवढे काम असताना तो न वाढणेच कठीण. तो वाढावाही. पण संसदेने, लेखापरीक्षकांनी आणि करदात्यांनी त्या दिवशी वेगळा प्रश्न विचारावा: या वर्षात ठरल्या तारखेला किती विमाने तळावर पोहोचली आणि पोहोचलेल्यांपैकी किती उडू शकतात? धरणातील पातळी जाहीर करणे सोपे असते. शेवटच्या मोरीपर्यंत किती पाणी आले, हे सांगण्याची सक्ती केल्याशिवाय कालव्यांची गळती बंद होत नाही.